डब्यातली भाकरी का लपते?



मधल्या सुट्टीत मुलं डबे कसे उघडतात, ते कधी नीट बघितलंय का? आमच्या जामखेड तालुक्यातल्या शाळेत पोषण आहार शिजतो, तरी बरीच मुलं सोबत डबा आणतात. ज्याच्या डब्यात नूडल्स किंवा ब्रेड-जाम असतो, तो डबा मधोमध ठेवून उघडतो. ज्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि कारळ्याची चटणी असते, तो झाकण अर्धवट ठेवतो आणि त्याच्या आडून एकेक तुकडा मोडून खातो. एकदा सहावीतल्या एका मुलीला मी सहज विचारलं, "काय आणलंय गं आज?" तिनं पटकन डबा मिटला आणि म्हणाली, "काही नाही सर, भाकरीच."

त्या एका 'च'नं मला विचार करायला लावलं. ज्या मातीत शेकडो वर्षं ज्वारी पिकते, त्या मातीतल्या मुलीला ज्वारीची भाकरी सांगायची लाज वाटते. ही लाज तिला कोणी शिकवली? थोडं खरं बोलायचं तर आपणच.

या लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, घरचं साधं जेवण हे गरिबीचं लक्षण नाही, हे मुलांच्या मनात बसवणं आपलं काम आहे. दुसरी, सातवी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला आपल्यापुरतं पोटभर, पौष्टिक जेवण स्वतः करता आलं पाहिजे. मुलगा आणि मुलगी, दोघांनाही.

लाज आली कुठून?

"नीट अभ्यास कर, नाहीतर भाकऱ्या थापत बसशील." हे वाक्य वर्गात कोणी म्हटलं नाही असा शिक्षक विरळाच. मीही म्हटलंय. मुलींना तर हमखास म्हटलं जातं. म्हणजे ज्या कामावर अख्खं घर जगतं, ते काम आपण नापास होण्याची शिक्षा म्हणून सांगतो. मग मुलांना भाकरीची लाज वाटली तर नवल काय?

घरातही तेच. पाहुणा आला की पोळी किंवा पुरी आणि पाहुणा गेला की भाकरी. लग्नाच्या पंगतीत भाकरी नाही, वाढदिवसाला नाही, सहलीच्या डब्यात नाही. लहान मूल हे सगळं बघतं आणि मनात दोन खाने करतं, 'चांगलं खाणं' आणि 'आपलं खाणं'.

त्यात रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो. शेतातही ज्वारी कमी झाली. रब्बीची ज्वारी हातानं उपटायची म्हणजे कंबर मोडणारं काम, मजूर मिळत नाहीत. त्यामुळे लोक सोयाबीन, कांदा, उसाकडे वळले. परिणाम असा की ज्या ज्वारीला आपण गरिबाचं धान्य म्हणायचो, ती आता विकत घ्यायला गेलं तर गव्हापेक्षा महाग पडते. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत त्याच भाकरीची वेगळी किंमत लागते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारनं या धान्यांना 'श्री अन्न' असं नाव दिलं. जगाला कळलं, पण आपल्या वर्गातल्या त्या मुलीपर्यंत ते पोहोचलंच नाही.

भाकरीत असतं तरी काय?

मुलांना नुसतं "भाकरी पौष्टिक असते" सांगून उपयोग नाही. आकडे द्यावे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिनं ८ ग्रॅमच्या आसपास आणि तंतू ३ ग्रॅमपेक्षाही कमी. लोह बघितलं तर ज्वारीत जवळपास ४ मिलिग्रॅम, बाजरीत ६ पेक्षा थोडं जास्त, आणि पॉलिशच्या तांदळात १ मिलिग्रॅमसुद्धा नाही.

लोहावर मी एवढा जोर का देतोय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं. आपल्या वर्गात दुपारी तिसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकवणारं पोर दरवेळी आळशीच असतं असं नाही. कधी कधी त्याचं रक्तच कमी असतं, आणि आपण त्याला उभं करून ओरडत असतो.

आता भाकरी म्हणजे सगळं झालं असंही नाही. धान्यात लायसिन नावाचा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांतून मिळतो. म्हणून भाकरीबरोबर उडदाचं घुटं, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, बेसनाचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी ही जी जोडी आपल्या आज्यांनी लावून ठेवली, ती अगदी योग्य आहे. त्यावर लिंबू पिळलं किंवा सोबत कच्चा टोमॅटो, पेरू खाल्ला तर 'क' जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं. आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर चहातल्या टॅनिनमुळे तेच लोह कमी शोषलं जातं. आपल्याकडे किती मुलं सकाळी चहा-चपाती किंवा चहा-बटर खाऊन शाळेत येतात, जरा हात वर करायला सांगून बघा. आमच्या वर्गात अर्ध्याहून जास्त हात वर आले.

जामखेडनं हे आधीच करून दाखवलंय

आपल्या गावचं नाव जगातल्या आरोग्याच्या पुस्तकांत आहे, हे किती मुलांना ठाऊक आहे? डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच त्यांच्या लक्षात आलं की लोकांची पहिली गरज दवाखाना नाही, तर पाणी आणि अन्न आहे. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तर हे आणखीच स्पष्ट झालं.

त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्याकडूनच गाव आरोग्य शिकलं. बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं, गरोदर बाईनं काय खायचं, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, सांडपाण्याचं काय करायचं, हे त्या बायकांनी घराघरांत जाऊन सांगितलं. १९७१ च्या सुमारास या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला.

यात दवाखान्याचा वाटा होता, लसीकरणाचा होता, विहिरींचा होता. पण चूल, पाणी आणि ताट यांचाही मोठा वाटा होता. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या बायका हे शिकल्या आणि त्यांनी शिकवलं. मग डी.एड., बी.एड. झालेल्या आपल्याला वर्गात अर्धा तास यासाठी काढता येत नाही, हे म्हणणं मला पटत नाही.

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी गावरान बियाणं जपलं, त्यांना लोक 'बीजमाता' म्हणतात आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाच्या, भोपळ्याच्या, पालेभाजीच्या बिया जपणं हे परसातलं काम. त्याचा मान राष्ट्रपती भवनापर्यंत गेला. मुलांना हे सांगा. 'भाकऱ्या थापत बसशील' या वाक्यापेक्षा ही गोष्ट नक्की जास्त कामाची आहे.

दहा रुपयांचं पाकीट

आता पालकांशी थोडं बोलतो. रागावू नका.

सकाळी सातला खुरपायला जायचं, कांदा लावायला जायचं, त्याआधी पाणी भरायचं, जनावरांचं बघायचं. अशा आईला "डब्यात रोज ताजं करून द्या" असं सांगणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. मग ती पोराच्या हातावर दहा रुपये ठेवते आणि पोरगं शाळेजवळच्या टपरीवरून कुरकुरीत पाकीट घेतं. यात आईचा दोष मी काढणार नाही. घरात इतर मोठी माणसंही असतात. त्यांनी सकाळी काय केलं, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

पण हिशोब तर करू. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस असतात. रोजचे १० रुपये धरले तर वर्षाचे २२०० रुपये झाले. दोन मुलं असतील तर ४४००. एवढ्या पैशात किती किलो शेंगदाणे आणि किती किलो गूळ येतो, हे गणिताच्या तासाला मुलांनाच काढायला लावा. भाव त्यांनी आठवडी बाजारातून विचारून आणायचे. आमच्या सातवीच्या मुलांनी हे काढलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, एवढ्यात तर पोतंभर येईल की!" पोतंभर येत नाही, पण त्याला धक्का बसला हे खरं.

पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला शिकवणं हाही भाषेचा आणि विज्ञानाचा चांगला पाठ होतो. घटकांच्या यादीत जो पदार्थ सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. तेल किंवा साखर पहिल्या दोन-तीनात आली की मुलं स्वतःच ओळखतात. सोडियमचा आकडा अडीचनं गुणला की मीठ किती ते कळतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानंही दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे साधारण एक छोटा चमचा, आणि तोही सगळ्या जेवणांत मिळून.

मी पाकिटावर बंदी घाला असं म्हणत नाही. जत्रेत, सणाला एखादं खाल्लं तर काही बिघडत नाही. रोजच्या खाण्याची जागा त्यानं घेऊ नये, एवढंच.

ज्यांना कोणी करून घालणारं नाही, त्यांचं काय?

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

जामखेड, शेजारचा आष्टी, पाटोदा या पट्ट्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात. आई-बाप पाच-सहा महिने फडावर. काही मुलं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि बरीच आजी-आजोबांकडे मागं राहतात. आजीला नीट दिसत नसेल, तिचे हात थरथरत असतील, तर चूल कोण पेटवतं? दहा-अकरा वर्षांची पोरगी. ती शाळेत उशिरा येते आणि आपण हजेरीत लाल शेरा मारतो. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा भाऊ मात्र वेळेवर येतो, कारण त्याला स्वयंपाक 'येत नाही'.

मुलींची शाळा सुटण्याच्या अनेक कारणांतलं हे एक कारण आहे, आणि ते चुलीपाशी सुरू होतं. भावालाही भात लावता आला, पिठलं करता आलं, भांडी घासता आली, तर बहिणीची सकाळची एक तासाची ओढाताण कमी होईल. म्हणून मी म्हणतो की मुलांना स्वयंपाक शिकवणं हा आवडीचा उपक्रम नाही, ती गरज आहे. उद्या हाच मुलगा शिकायला अहिल्यानगरला, पुण्याला गेला, खोली करून राहिला, तर वडापाव आणि पाकिटांवर दिवस काढणार नाही.

पोषण आहाराचंही इथे लक्षात घेऊ. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेत एका वेळेला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत ही अपेक्षा. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला शाळेत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, त्यामुळे कोट्यवधी मुलांचं दुपारचं भागलं. ही मोठीच गोष्ट आहे. पण हे एक जेवण झालं. सकाळ, संध्याकाळ, रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी उरतेच. तिथं मुलाच्या हातातलं कौशल्यच कामी येणार.

"मुलांना स्वयंपाक शिकवून काय आचारी करायचंय का?"

हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला होता. उत्तर असं की पोहायला शिकवतो तेव्हा आपण मुलाला कोळी करत नाही. सायकल शिकवतो तेव्हा ड्रायव्हर करत नाही.

१९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. पुढे सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर, सफाई, शेती हाच अभ्यासाचा भाग होता. मुलं-मुली दोघंही पाळीनं स्वयंपाक करत आणि त्यातून हिशोब, आहारशास्त्र, विज्ञान शिकत. नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. त्यातले दोन दिवस स्वयंपाकाला दिले तर कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला वयाची तिशी उलटेपर्यंत भाकरी येत नव्हती. घरातलं माणूस आजारी पडलं तेव्हा तवा समोर ठेवून शिकलो. पहिल्या चार भाकऱ्यांचे नकाशे झाले. मग एका शेजारच्या मावशींनी सांगितलं, "मास्तर, पीठ जुनं झालंय, विरी गेलीय त्याची. गरम पाण्यात मळा." तेव्हा कळलं की यातही शास्त्र आहे. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नसतं, म्हणून गरम पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजवून घ्यावा लागतो, मग पीठ एकमेकाला धरतं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत भाकरी उलटायची, आणि मग आरावर शेकली की आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रा सुटतो. आठवीच्या विज्ञानाला यापेक्षा सोपं उदाहरण कुठलं मिळणार?

कोणत्या इयत्तेला काय?

मी आमच्या शाळेसाठी साधारण असा क्रम ठरवला आहे. तुम्ही तुमच्या सोयीनं बदल करा.

चौथी-पाचवी: हात साबणानं नीट धुणं, भाजी निवडणं-धुणं, मटकी-मुगाला मोड आणणं, लिंबू सरबत, काकडी-कांद्याची कोशिंबीर, आपलं ताट आपण धुणं. विस्तवाचं काम नाही.

सहावी: मोठ्या माणसासमोर गॅस किंवा चूल पेटवणं-विझवणं, भात, वरण, मुगाची खिचडी. भाजल्यास आधी दहा-वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, हळद-टूथपेस्ट लावायची नाही, हे आधी शिकवायचं.

सातवी: पिठलं, एक पालेभाजी, भाकरी. वाकडी झाली तरी चालेल. कुणी हसायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगायचा.

आठवी: घरातल्या माणसांसाठी आठवड्याचा बेत आखणं, त्याचा खर्च काढणं आणि उरलेलं अन्न कसं वापरायचं ते ठरवणं.

मूल्यमापन म्हणून गुण देऊ नका. घरच्यांची सही घ्या: "आज याने पिठलं केलं, सगळ्यांनी खाल्लं." मुलग्यांच्या वह्यांवर या सह्या आल्या तेव्हा पालकसभेत आयांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मी कधी वार्षिक निकालालाही पाहिलं नाही.

घरासाठी काही साध्या गोष्टी

या सगळ्या गोष्टींना फारसा खर्च नाही.

१. ज्वारीचं पीठ आठ दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी तुटते आणि मग घरात "भाकरी नकोच" सुरू होतं.

२. रात्री मूठभर मटकी किंवा हुलगे भिजत घाला. मोड आले की 'क' जीवनसत्त्व वाढतं आणि लोह शोषायला आड येणारे घटक कमी होतात. सकाळी फोडणी द्यायला दहा मिनिटं पुरतात.

३. तीळ, जवस, कारळे, शेंगदाणे यांची कोरडी चटणी रविवारी एकदाच करून ठेवा. घाईच्या दिवशी भाकरी आणि चटणी हाही पूर्ण विचार करून दिलेला डबा असतो. तिळात कॅल्शियम भरपूर आहे.

४. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं वाहून जातात. तांदूळही चार-चार पाण्यांनी चोळून धुऊ नका.

५. लोखंडी कढई-तवा माळ्यावर टाकला असेल तर खाली काढा. त्यात शिजवलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं. भाजी मात्र झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा.

६. चहा जेवणाच्या आधी-नंतर किमान एक तास तरी टाळा. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, तीही जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नाही.

७. तांदुळजा, घोळ, पाथरी, शेवग्याचा पाला, हादग्याची फुलं या रानभाज्यांना पैसे पडत नाहीत. पण ओळख पक्की असल्याशिवाय खाऊ नका. आजीला सोबत घेऊन मुलांना ओळख करून द्या. आजीचं ज्ञानही जपलं जाईल आणि तिला आपण अजून कामाचे आहोत असं वाटेल.

८. भाकरी-पोळी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते. धुतलेलं सुती फडकं चांगलं.

९. आपल्याकडे पाणी साठवावंच लागतं. पिण्याच्या पाण्याला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं हवं, हात बुडता कामा नये. बाकीची भांडी, रांजण, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास साध्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्याचा एक कोरडा दिवस पाळला तर तो साखळीतच तुटतो.

१०. जुलाब झाले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखाना.

११. भांडी घासलेलं पाणी परसात सोडा. दोन केळी, एक शेवगा, एक कढीपत्ता एवढं तर त्यावर जगतंच.

आणि या कामांची वाटणी कागदावर लिहून भिंतीला लावा. त्यात बाबांचं नाव आणि दादाचं नाव असलंच पाहिजे. नाहीतर वरची अकरा कामं म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी अकरा ओझी, आणि मला ते अजिबात म्हणायचं नाही.

अडचणी आहेतच

शिक्षक म्हणतील, आधीच माहिती भरण्यात, ॲपमध्ये फोटो टाकण्यात दिवस जातो, त्यात हे कुठे बसवू? खरं आहे. म्हणून वेगळा तास मागू नका. गणितात बाजारभाव, विज्ञानात मोड आणि वाफ, मराठीत आजीची मुलाखत, परिसर अभ्यासात रानभाज्या, असं आहे त्यातच बसवा.

पालक म्हणतील, ज्वारी परवडत नाही. हेही खरं. मग रोज नको, आठवड्यातून तीन दिवस करा. तेही जमत नसेल तर गव्हाची पोळी, डाळ आणि पालेभाजी हेसुद्धा उत्तमच जेवण आहे. माझं भांडण गव्हाशी नाही. माझं भांडण त्या 'च'शी आहे.

आम्ही शाळेत एक छोटा बदल केला. दर शुक्रवारी शिक्षकही मुलांच्या रांगेत बसून डबा उघडतात, आणि आम्ही ठरवून त्या दिवशी भाकरीच आणतो. पहिल्या शुक्रवारी मुलं नुसती बघत होती. तिसऱ्या शुक्रवारी ती सहावीतली मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, चटणी घ्या. आईनं केलीय." डब्याचं झाकण तिनं आपल्या जागेवरच ठेवलं होतं.

तुमच्या शाळेत येत्या शुक्रवारी करून बघा. आणि पालकांनो, आज संध्याकाळी मुलाला हाक मारा, मुलीलाच नव्हे, आणि परात त्याच्यापुढे ठेवा. पहिली भाकरी नकाशासारखी होईल. होऊ द्या, आणि तीच आधी तुमच्या ताटात वाढून घ्या.